तुम्ही विचारलंत म्हणून: म्युझियमच्या कॅफेतलं सूप

परवा भिशीत परत तेच. मी डेन्मार्कचे फोटो दाखवत होते, त्यात एक सूपचा वाडगा, काळ्या ब्रेडचा तुकडा आणि मागे समुद्र, तर लगेच, "अगं हे पण म्युझियमचंच कॅन्टीन का? एवढे पैसे घालून जायचं आणि दुपारी कॅन्टीनमध्ये जेवायचं? तिथलं लोकल काही खात नाहीस का?" जाऊबाई विचारतात, ऑफिसातली पोरं विचारतात, हल्ली तर सख्खा नवराही विचारतो. म्हणून एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच पाठवून देईन.

सोपी कारणं आधी. पाय दुखतात. ट्रे उचलायचा, काचेमागे बोट दाखवायचं, कुठल्याही पदार्थाच्या उच्चाराची परीक्षा द्यावी लागत नाही. एकटी बाई पुस्तक उघडून तासभर बसली तरी कोणी टेबलापाशी येऊन घुटमळत नाही. टॉयलेट स्वच्छ, आणि त्यासाठी पर्समध्ये नाणी शोधत बसावं लागत नाही. सूप बऱ्याचदा व्हेज असतं, तरी विचारायचं, कारण भाजीचं सूप चिकनच्या पाण्यात उकळणारे महाभाग सगळीकडे आहेत. आणि हलकंच का, तर भरपेट जेवून मी एकदा पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये बाकावर झोपलेली आहे. चांगली अर्धा तास. समोर कुठलं चित्र होतं तेही आठवत नाही. स्वस्त पडतं म्हणून जाते असं मात्र समजू नका, स्वस्त अजिबात नसतं. सूप-ब्रेडचे रुपयात किती झाले हा हिशोब मी आता करत नाही, पूर्वी करायचे आणि मग ते सूप घशाखाली उतरायचं नाही.

आणि लोकलचं म्हणाल तर वॉशिंग्टनला अमेरिकन इंडियन लोकांचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं म्युझियम आहे, २००४ साली उघडलेलं, त्याच्या कॅफेचं नाव मित्सितम, म्हणजे तिथल्या मूळ भाषेत 'चला जेवूया'. वेगवेगळ्या प्रदेशातल्या आदिवासी जमातींचं जेवण वेगवेगळ्या काउंटरवर. मका, घेवडा, भोपळा. अमेरिकेत आणखी कुठे मिळालं असतं हो मला हे? डेन्मार्कचा तो फोटो लुइझियाना म्युझियमचा आहे, कोपनहेगनच्या उत्तरेला, आणि तो समुद्र म्हणजे ओरेसुंड, पलीकडे दिसतो तो स्वीडन. याला कॅन्टीन म्हणायचं असेल तर म्हणा.

बरं. हे सगळं खरं आहे, पण खरं कारण हे नाही.

मी पूर्वी अशी नव्हते. उलट टूरवाल्या लोकांना हसायचे, की बघा, लंडनला आलेत आणि म्युझियममध्ये सँडविच खातायत. माझ्याकडे खायच्या ठिकाणांची यादी असायची. २०१८ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं लंडनला होतो, त्या यादीत साउथ केन्सिंग्टनच्या एका गल्लीतलं छोटंसं हॉटेल होतं, नाव सांगत नाही, त्यांची काही चूक नव्हती. नवऱ्याला डायबेटिस, सकाळी शुगरची गोळी घेतलेली, नाश्ता म्हणजे दोन टोस्ट, आणि मग मी त्याला हाइड पार्कभर फिरवलेला. त्याच्या सॅकमध्ये पार्ले-जीचा पुडा होता तो निघताना मीच काढून रूमवर ठेवला. "लंडनला येऊन पार्ले-जी खाणारेस का?" हे माझं वाक्य, शब्दनशब्द लक्षात आहे.

एक वाजता रांगेत उभे राहिलो. दीड झाला, पावणेदोन झाले. हा गप्प गप्प व्हायला लागला, मग उगाच चिडचिड, मी म्हटलं झालं सुरू, याला कुठे नेलं की तोंड वाकडं. दोन वाजून गेल्यावर आतून मुलगी येऊन सांगून गेली की अडीचला किचन बंद होतं, तुमचा नंबर लागेल असं वाटत नाही. मी तिच्याशी हुज्जत घालत होते. हा मागून म्हणाला, "ताई, चल ना घरी." ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. मला वाटलं टोमणा मारतोय, कारण मी हुकूम सोडायला लागले की तो मला तसंच चिडवतो. मी वळून म्हटलं, "तमाशा नको करूस." तेव्हा बघितलं, त्या थंडीत त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. बसायला जागा हवी एवढंच सुचलं, आणि एक्झिबिशन रोडवर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचं दार होतं, तिकीट लागत नाही हे माहीत होतं, म्हणून त्याला दंडाला धरून आत ओढला.

दारात बॅगा तपासायला एक गार्ड होता. त्याने आमच्या सॅककडे बघितलंच नाही, नवऱ्याकडे बघून विचारलं, "डायबेटिक?" एक शब्द. सव्वीस वर्षांच्या संसारात जे मला अर्धा तास कळलं नव्हतं ते त्या माणसाला दोन सेकंदात कळलं, की याची साखर खाली गेलीय. खुर्ची आली, संत्र्याचा ज्यूस आला, साखरेच्या पुड्या आल्या. पंधरा-वीस मिनिटांनी नवऱ्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "आपण कुठे आलोय?" गार्ड म्हणाला, नुसत्या साखरेवर राहू नका, आता काहीतरी नीट खायला घाला, बागेतून सरळ जा.

असं ते पहिलं सूप. कुठलं होतं विचाराल तर नाही आठवत, पिवळं होतं. आजूबाजूला मात्र देवळात आल्यासारखं, चिनी मातीचे जाडजूड खांब, भिंतींवर फरशा, मोठाले दिवे. नंतर वाचलं की म्युझियमच्या आत खाण्याची सोय पहिल्यांदा इथेच झाली, १८६० च्या दशकात हेन्री कोल नावाच्या त्यांच्या पहिल्या डायरेक्टरने या खोल्या करून घेतल्या, आणि फरशा नुसत्या शोभेला नाहीत, धुवायला सोप्या म्हणून. मेनूही दर्जाप्रमाणे वेगळे, तिसऱ्या दर्जाचा कामगारांसाठी, म्हणजे तिथेही पंक्तिभेद होताच. खिडक्यांच्या काचांवर जेवणाबद्दलची वचनं आहेत. एक म्हणजे आपलं 'भुकेला कोंडा'च, दुसरं, चांगला स्वयंपाकी म्हणजे अर्धा वैद्य. त्या दिवशी मी यातलं काही वाचलं नाही. मी त्याचा चमचा धरलेला हात बघत होते, थरथर थांबली का ते.

तेव्हापासून दुपारी साडेबारा म्हणजे साडेबारा, आणि जिथे आहे तिथे.

आता यावर नवऱ्याचं म्हणणं ऐका. "एकदा माझी साखर खाली गेली म्हणून मी जन्मभर भोपळ्याचं सूप प्यायचं का?" त्याची गोळी केव्हाच बदलली, खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असतात, वेळेवर खायचं म्हणजे काही म्युझियममध्येच खायचं असं नाही. बिस्किटाचा पुडा बरोबर घे, झालं, असं तो म्हणतो आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्यात डेन्मार्कला मी एकटीच गेले होते. मला शुगर नाही, बीपी नाही. मग तिथे कोणाची काळजी घेत होते? घाबरट झालेय असं म्हणा हवं तर. किंवा यादीवाल्या त्या बाईवर माझा विश्वास राहिला नाही असं म्हणा, ती बाई एका टेबलासाठी नवऱ्याला अर्धा तास रस्त्यावर घामाघूम उभा ठेवू शकते हे मी बघितलंय. पण तीच बाई मला पूर्वी कुठे कुठे घेऊन गेली, काय काय खाऊ घातलं, हेही खरंच आहे, आणि कधीकधी तिची आठवण येते.

मे महिन्यात व्हिएन्नाला जातोय. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये घुमटाखाली कॅफे आहे, संगमरवरी, मी मनात टेबलसुद्धा धरून ठेवलंय. त्याला श्निट्झेल, म्हणजे तिकडचं तळलेलं मांसाचं कटलेट खायचंय, त्याने स्वतः जागा शोधलीय, तिथे दीडचं टेबल मिळतंय. मी त्यांना मेल करून साडेबाराचं मागितलंय. अजून उत्तर आलेलं नाही.