एमओटीत नापास, आणि घरापर्यंतचे ४ मैल

आज गाडी एमओटीला, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीला, नेली होती. जुनं सर्टिफिकेट संपायला अजून ३ आठवडे आहेत, पण इथे यूकेत मुदतीच्या आधी जवळजवळ महिनाभर चाचणी करून घेता येते आणि पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते. म्हटलं, उरकून टाकू. गाडी नापास. पुढच्या डाव्या चाकाची सस्पेन्शनची स्प्रिंग तुटलेली.

"घरी नेऊ का?" मी विचारलं. मेकॅनिकने कागदावर बोट ठेवलं: दोष 'मेजर', 'डेंजरस' नाही. २०१८पासून असे प्रकार पाडलेत. डेंजरस असता तर गाडी चालवणं हा गुन्हा, २,५०० पौंडांपर्यंत दंड, वर लायसन्सवर ३ दंडाचे पॉइंट. मेजर असेल तर जुनं सर्टिफिकेट चालू असेपर्यंत नेता येते, पण गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी हवी ही अट काही सुटत नाही. आणि ते बघायची जबाबदारी चालवणाऱ्याची.

४ मैल जीव मुठीत धरून आलो. प्रत्येक स्पीड ब्रेकरला खालून 'टक्क'. हा आवाज गेले दोन आठवडे येत होता, आणि त्याच गाडीतून लेकीला मागे बसवून मी मोटरवेवर गेलो होतो. ते काही केल्या मनातून जात नाही. आज नेली नसती तर अजून ३ आठवडे तसाच फिरलो असतो.

नवी स्प्रिंग गुरुवारी बसेल. तोवर किल्ली कपाटात. उद्या शाळेला आम्ही दोघं बसने जाणार, पावणेआठच्या.