लोपेरा आणि सहा हजारांचं घराणं

बुधवार, १० सप्टेंबर २०२५, रात्र

पितृपक्ष लागलाय, त्यामुळे आज मेमरी क्लिनिकला गर्दी नव्हती. या पंधरवड्यात नवीन तपासण्या सुरू करायला लोक राजी नसतात. दुपारचा वेळ मिळाला आणि आजची तारीखही मनात होती, म्हणून फ्रान्सिस्को लोपेरांवर चार ओळी लिहायला बसले. कोलंबियाचे हे न्यूरॉलॉजिस्ट गेल्या वर्षी याच दिवशी गेले, ७३व्या वर्षी. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणाच्या कानावर नाही. पण स्मृतिभ्रंशाच्या या कामात तू कुणाकडून शिकलीस, असं कुणी विचारलं तर मी आधी त्यांचंच नाव घेईन. त्यांना मी कधी भेटले नाही, तरीही.

लोपेरा अँटिओकिया प्रांतातले, यारुमाल या डोंगरातल्या गावात वाढलेले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, ते अजून शिकत होते तेव्हा, त्यांच्यासमोर चाळिशीतला एक शेतकरी आणला गेला. त्याला काही आठवेनासं झालं होतं. त्या वयात अल्झायमर? कोणाही डॉक्टरने आधी दुसरंच काहीतरी शोधलं असतं. लोपेरांनी घरच्यांची चौकशी केली तर बापाला तेच झालेलं, आजालाही तेच. मग ते त्या कुटुंबाच्या गावी गेले. तिथून पुढच्या गावी, तिथल्या चुलत घराकडे, आणि हे जाणं जवळजवळ चाळीस वर्षं चालू राहिलं.

आपल्याकडे श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतात, त्यामागची हवी असतील तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उघडाव्या लागतात. लोपेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसंच केलं, फक्त वह्या चर्चच्या होत्या. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी लावत लावत ते अठराव्या शतकापर्यंत मागे गेले. वेगवेगळ्या गावांत राहणारी, एकमेकांना न ओळखणारी घरं एकाच मुळाची निघाली. आज त्या घराण्यात सुमारे सहा हजार माणसं मोजतात. गावातले लोक या आजाराला शाप म्हणायचे, कुणी करणी म्हणायचे. आणि हे सगळं त्या काळात, जेव्हा मेडेलिन शहर अमली पदार्थांच्या टोळ्यांनी वेठीला धरलं होतं आणि आसपासच्या डोंगरांत गनिमी बंडखोर आणि निमलष्करी गट होते. काही गावांना जाणं वर्षानुवर्षं धोक्याचं होतं.

१९९५ मध्ये कारण हाती लागलं. चौदाव्या गुणसूत्रावरच्या प्रेसेनिलिन-१ या जनुकात एका ठिकाणी एकच अक्षर बदललेलं, त्यामुळे प्रथिनातल्या २८०व्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी अॅलनिन. एवढंच. आई किंवा वडील कुणा एकाकडून हा बदल आला की पुरे. ज्याच्यात तो आहे त्याला साधारण चव्वेचाळिशीत विसरायला होऊ लागतं आणि एकोणपन्नाशीच्या सुमाराला पूर्ण स्मृतिभ्रंश. पुढे मेंदूच्या स्कॅनमधून दिसलं की अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाचा साठा अठ्ठाविशीतच सुरू झालेला असतो. म्हणजे ज्या वयात माणूस लग्न करतो, घराचं कर्ज काढतो, त्या वयात.

मला या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो तिथे झालेल्या औषधाच्या चाचणीचा. क्रेनेझुमॅब नावाचं औषध होतं, अमायलॉइडला चिकटणारी प्रतिपिंडं. ते लक्षणं दिसायच्या आधीच द्यायचं ठरलं. आता पेच असा की प्रत्येक मुलाला हा बदल मिळण्याची शक्यता निम्मी, आणि घराण्यातल्या बऱ्याच जणांना आपल्यात तो आहे की नाही हे जाणून घ्यायचं नव्हतं. फक्त बदल असलेल्यांनाच चाचणीत घेतलं असतं, तर नाव नोंदवलं गेलं यावरूनच माणसाला आपलं भविष्य कळलं असतं. म्हणून काय केलं, तर बदल नसलेल्यांनाही घेतलं आणि त्यांना पाण्यासारखं निरुपद्रवी इंजेक्शन दिलं. एकूण २५२ माणसं. त्यातली कितीतरी माणसं अशी होती, ज्यांना या औषधाची गरजच नव्हती. तरी ती वर्षानुवर्षं इंजेक्शन घ्यायला येत राहिली, स्कॅनच्या नळकांड्यात पडून राहिली. का, तर भावाला किंवा बहिणीला आपल्यात तो बदल आहे की नाही हे न कळता भाग घेता यावा म्हणून. खर्चाचा हिशेब मांडणारा कुणीही म्हणाला असता की ही उधळपट्टी आहे. मला यात माणुसकीची फार वरची पातळी दिसते, आणि ती चाचणीच्या आराखड्यातच बसवलेली आहे, कुणा एकाच्या दयेवर सोडलेली नाही.

२०२२ मध्ये निकाल आला. औषधाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा आमच्यातलेच काही जण सहज म्हणून गेले की चाचणी फसली. मला तो शब्द सोसत नाही. औषध चाललं नाही हे खरं. पण लक्षणांच्या आधी कधी, किती, काय बदलतं याचा इतक्या माणसांचा इतका सलग अभ्यास दुसरीकडे कुठे होता?

आणि त्याच घराण्यातून एक बाई सापडली. तिच्यात तो बदल होता, चाळिशीत विसरायला हवं होतं, पण सत्तरी गाठेपर्यंत तिची बुद्धी शाबूत होती. मेंदूत अमायलॉइड भरपूर, अगदी घराण्यातल्या इतर रुग्णांपेक्षाही जास्त. टाऊ या दुसऱ्या प्रथिनाच्या गाठी मात्र थोड्या. २०१९ मध्ये तिच्याबद्दलचा शोधनिबंध आला: एपीओई जनुकाचा ‘क्राइस्टचर्च’ नावाचा दुर्मीळ प्रकार तिला आई आणि वडील दोघांकडून मिळाला होता. २०२४ मध्ये त्याच घराण्यातल्या, या प्रकाराची एकच प्रत असलेल्या २७ जणांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांचा आजार सुमारे पाच वर्षं उशिरा सुरू होत होता. पाच वर्षं म्हणजे मुलीचं शिक्षण पूर्ण होणं. ही माणसं सापडली ती हजारो माणसांशी संबंध टिकवून ठेवला म्हणून. संगणकासमोर बसून कुणाला ती सापडली नसती. ती बाई गेल्यावर तिचा मेंदू अभ्यासासाठी दिला गेला. मेडेलिनच्या विद्यापीठात अशा शेकडो मेंदूंची पेढी आहे. प्रेत घरात असताना, रडारड चालू असताना नातलगांपुढे हा विषय काढायचा असतो, कारण हातात काही तासच असतात. हे ओळख नसलेल्या माणसाला जमत नाही. ज्याने वीस वर्षं त्या घरात चहा-कॉफी घेतलीय त्यालाच ते विचारता येतं.

आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत १९९५ पासून मेंदूची पेढी आहे. कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांत पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांचा दीर्घकाळचा अभ्यास चालू आहे. त्याबद्दल वाचलं की बरं वाटतं, कारण शाळेत न गेलेल्या, शेतात राबलेल्या माणसांचा मेंदू कसा म्हातारा होतो हे आपल्याला अमेरिकेच्या आकड्यांवरून कळणार नाही. देशात साठीच्या पुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे असा अंदाज आहे. आमच्याकडे येतात ते त्यातले मूठभर. बाकीच्यांच्या घरी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटतो.

सकाळी साताऱ्याकडचा एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता. आबा चौऱ्याहत्तरचे, दुसऱ्यांदा येत होते. चाचणी झाल्यावर आबांना बाहेर बसवून तो परत आत आला. “ताई, ते नवीन इंजेक्शन आलंय म्हणतात, ते आबांना चालंल का?” लेकॅनेमॅबबद्दल विचारत होता. मी सांगितलं ते असं: ते अगदी सुरुवातीच्या अवस्थेत देतात, दीड वर्षांच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंद झाली, पण गेलेलं परत येत नाही. मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका असतो, त्यामुळे वारंवार एमआरआय लागतो. आबांची अवस्था त्याच्या पुढे गेलीय. त्याने मान हलवली. मग जरा थांबून विचारलं, “आणि मला हुईल का?”

हा प्रश्न मेडेलिनमध्ये विचारला तर उत्तर नाण्याच्या छापा-काट्यासारखं येतं. इथे तसं नाही, हेच मला त्याला नीट सांगायचं होतं. उतारवयात येणारा अल्झायमर बहुतेक वेळा एका जनुकाचा खेळ नसतो. वडिलांना झाला म्हणजे मुलाचा धोका थोडा वाढतो, ठरलेला नसतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये चौदा कारणं मांडली आहेत, ज्यांवर आयुष्यभर काम केलं तर जगातली जवळपास ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतील: शिक्षण, बीपी, साखर, तंबाखू, दारू, डोक्याला मार, एकटेपणा, कमी ऐकू येणं आणि बाकीची. बीपी कधी तपासलंय विचारलं तर कधीच नाही. वय बेचाळीस, मोटारसायकल विनाहेल्मेट, तंबाखू रोज. त्याचं बीपी तिथेच घेतलं, वाढलेलं होतं.

पुढच्या महिन्यात दोघांनाही बोलावलंय, आबांना कानाच्या तपासणीसाठी आणि त्याला बीपीसाठी. आबांच्या रक्ताचे नमुने अभ्यासासाठी देशील का, असंही विचारलं. घरी विचारून सांगतो म्हणाला. मी म्हटलं, विचार. आणि दिलेस तर त्यातून काय निघालं ते तुझ्या आईला समजेल अशा मराठीत लिहून मी पाठवीन. तो कागद कसा असावा याचा मसुदा आत्ता या वहीच्या मागच्या पानावर सुरू केलाय. टाऊ म्हणजे काय, इथेच पहिला परिच्छेद अडलाय.