टेबलावरचे सतरा दिवस

जिल्हा पोलीस दलाच्या परकीय नागरिक नोंदणी कक्षात मी सहा वर्षांपासून सहायक फौजदार म्हणून काम करीत आहे. खात्यात ही नेमणूक आरामाची समजली जाते आणि बंदोबस्ताचे दिवस सोडले तर ती तशी आहेही. आमच्या जिल्ह्यात परदेशी पर्यटक फारसे येत नाहीत. येतात ती सिंधी कुटुंबे, पाकिस्तानातील घोटकी, सक्कर, जेकबाबाद या भागांतून आलेली, ज्यांचे आजोबा फाळणीच्या वेळी तिकडेच राहिले आणि ज्यांची नातवंडे आता इकडे येऊ पाहतात. पाकिस्तानी नागरिकाला मिळणारा व्हिसा सबंध देशासाठी नसून ठरावीक गावांसाठी असतो, त्यामुळे आल्यावर चोवीस तासांच्या आत त्याला आमच्यासमोर येऊन बसावेच लागते. पुढे राहायचे असेल तर दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी, आमच्या भाषेत एलटीव्हीसाठी, अर्ज करावा लागतो. प्रतिज्ञापत्र, भारतीय जामीनदाराचे हमीपत्र, पारपत्राची प्रत आणि छायाचित्रे यांची तपासणी आम्ही करतो, घरी जाऊन पडताळणी करतो आणि अहवाल वर पाठवितो. एलटीव्ही मिळाला की २०१६ पासून बँकेत खाते उघडता येते, वाहन परवाना काढता येतो, राहण्यापुरते एक घर घेता येते. सात वर्षांचे वास्तव्य झाले की जिल्हाधिकारी कार्यालयात नागरिकत्वाचा अर्ज करता येतो आणि त्यावरही पोलीस अहवाल आमचाच लागतो.

मला सांगायचे आहे ते २६ एप्रिल २०२५ या शनिवारविषयी. २२ तारखेला पहलगाम येथे हल्ला झाला. गुरुवारी, २४ तारखेला, पाकिस्तानी नागरिकांना दिलेले सर्व व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. वैद्यकीय व्हिसांना २९ तारखेपर्यंत मुदत होती. पाकिस्तानी हिंदूंना आधीच दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा मात्र कायम राहतील, असा खुलासाही त्याच दिवशी आला. शुक्रवारी सकाळी अधीक्षक साहेबांनी यादी मागितली. नोंदवही उघडून मी तीन रकाने आखले : एलटीव्हीधारक, अल्प मुदतीचे व्हिसाधारक आणि अर्ज प्रलंबित. पहिल्या रकान्याला धक्का नव्हता. दुसऱ्या रकान्यात दोनच नावे होती. तिसऱ्या रकान्यातही दोन होती, पण तो रकाना आदेशात नव्हताच. ज्याचा एलटीव्ही ‘दिलेला’ नाही, त्याच्याजवळ हातात असतो तो अल्प मुदतीचाच व्हिसा, म्हणून साहेबांच्या सांगण्यावरून ती दोन नावेही मी दुसऱ्या रकान्यात घेतली. लिहिताना हात अडला नाही, हे कबूल केले पाहिजे.

शनिवारी सकाळी आम्ही नोटिसा घेऊन निघालो. पहिले घर जुन्या वस्तीतले. मूळच्या याच गावच्या, पण लग्न होऊन कराचीला गेलेल्या एक मुस्लिम बाई भाचीच्या लग्नासाठी आल्या होत्या. लग्न होऊन चार दिवस झाले होते, मांडवाचे बांबू अजून दारातच पडले होते. त्यांनी नोटीस दोनदा वाचली. आपण थांबू शकतो का, असे एकदाही विचारले नाही. विचारले ते एवढेच, की आपण मुदतीच्या आत स्वखुशीने परत जात आहोत असे मी कोठे लिहून देऊ शकेन का, कारण नोंद खराब झाली तर पुन्हा व्हिसा मिळणार नाही आणि येथे त्यांची आई आहे. असा दाखला देण्याचा आम्हाला अधिकार नाही. मी नोंदवहीत ‘सहकार्य केले’ असा शेरा लिहिला आणि तो त्यांना वाचून दाखविला. दुपारच्या गाडीने त्या अमृतसरकडे निघाल्या. अटारी सीमेचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडा होता, आणि त्यांच्यापुढे दुसरा कोणताही अर्ज करण्याची सोय कायद्यात नव्हती. फलाटावर त्यांच्या आईला खुर्ची आणून द्यावी लागली.

दुसरे घर सिंधी वसाहतीतले होते, आणि तेथे मी अडकलो.

त्या घरातील आजी फेब्रुवारीत तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलीकडे आल्या होत्या. वय त्र्याहत्तर, जन्मस्थान घोटकी. घोटकीत सप्टेंबर २०१९ मध्ये जे घडले, मंदिराची जी मोडतोड झाली, त्यानंतर त्यांचे दोन्ही दीर निघून आले होते. आजी मागे राहिल्या त्या नवऱ्याच्या दुकानामुळे, आणि नवरा गेल्यावर दुकानही राहिले नव्हते. मार्चमध्ये त्यांनी एलटीव्हीसाठी अर्ज केला. मीच त्यात त्रुटी काढली होती, कारण पारपत्रातील नवऱ्याचे नाव आणि प्रतिज्ञापत्रातील नाव यांच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक होता. त्रुटी काढणे योग्यच होते. अशी अक्षरे नंतर नागरिकत्वाच्या प्रकरणात वर्षानुवर्षे नडतात, हे मी पाहिले आहे.

आम्ही आत गेलो तेव्हा मुलीने रिवाजाप्रमाणे आमच्यापुढे पापड आणि पाणी ठेवले. पोलीस नोटीस घेऊन आला आहे हे ठाऊक असतानाही ठेवले. जावई नोटीस मोठ्याने वाचू लागले. ते स्वतः २०१९ मध्ये भारतीय नागरिक झाले आहेत, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचे प्रमाणपत्र चौकटीत घालून गुरू नानकांच्या तसबिरीशेजारी लावलेले आहे. त्यांची पत्नी अजून एलटीव्हीवर आहे. मुलगा २०१६ मध्ये येथल्याच जिल्हा रुग्णालयात जन्मला, मराठी शाळेत जातो, ‘साहेब, पाणी आणखी आणू का?’ असे स्वच्छ मराठीत विचारतो. परंतु त्याच्या जन्माच्या वेळी आईवडिलांपैकी कोणीही भारतीय नागरिक नव्हते, त्यामुळे २००४ पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार तो जन्माने भारतीय नाही. म्हणजे एका खोलीत एक भारतीय, एक एलटीव्हीधारक, एक अल्पवयीन अर्जदार आणि एक, माझ्या यादीनुसार, उद्यापासून बेकायदा. हे सगळे मला आधीपासून ठाऊक होते, कारण चारही फायली माझ्याच कपाटात आहेत. एका सतरंजीवर बसलेले चौघे एकत्र पाहिले नव्हते इतकेच.

नोटिशीची पोच घ्यायची म्हणून मी आजींपुढे कागद सरकविला. त्यांना देवनागरी येत नाही. त्यांनी ‘सही’ या शब्दाच्या पुढची जागा सोडून ओळीच्या उजव्या टोकाला पेन टेकविले आणि सिंधी लिपीत, उजवीकडून डावीकडे, नाव लिहू लागल्या. दोन अक्षरे झाल्यावर त्या थांबल्या आणि जावयाकडे पाहून काही बोलल्या. जावयाने भाषांतर केले : ‘त्या विचारतात, चूक दुरुस्त करून कागद दिला होता, तो पोहोचला नाही का?’

तो पोहोचला होता. बुधवारी, ९ एप्रिलला, त्यांचे जावई दुरुस्त प्रतिज्ञापत्र घेऊन आले होते आणि आवक नोंदवहीत माझी सही आहे. त्यानंतर हनुमान जयंती आली, १४ तारखेची मिरवणूक आली, आमची शाखा बंदोबस्ताला गेली. परत आल्यावर कागद डाव्या हाताच्या ट्रेमध्ये खालून तिसरा होता आणि तेथेच राहिला. अहवाल तयार करायला वीस मिनिटे लागतात. सतरा दिवस झाले होते. तो वेळेत वर गेला असता तर एलटीव्ही २४ तारखेपूर्वी मिळालाच असता असे मी म्हणत नाही, पण प्रकरण निदान माझ्या टेबलावर नसते.

पोच मी परत घेतली. बरोबरच्या शिपायाला बाहेर थांबायला सांगून साहेबांना फोन केला आणि झालेला प्रकार जसाच्या तसा सांगितला. ते काही क्षण काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘फोनवर सांगू नकोस. येऊन टिपणीवर लिही, आणि तारखा लिही.’ अशा वेळी अधिकारी कनिष्ठाला सांभाळून घेतात किंवा बाजूला ढकलतात. यांनी दोन्ही केले नाही. मी कार्यालयात येऊन टिपणी लिहिली : दुरुस्त कागद प्राप्त दिनांक, अहवाल न पाठविल्याचा कालावधी, अर्जदाराकडून कोणतीही पूर्तता बाकी नसल्याचा स्पष्ट उल्लेख. त्याखाली साहेबांनी एका ओळीत मार्गदर्शन मागितले. पडताळणी अहवाल संध्याकाळी पावणेआठला ऑनलाइन गेला. त्यानंतर दोन तास साहेब फोनवर होते. रात्री दहाच्या सुमारास वरून तोंडी सूचना आली की, अर्ज प्रलंबित असलेल्यांची यादी वेगळी पाठवावी आणि तोवर त्यांना नोटीस बजावू नये. तिसरा रकाना मी पुन्हा आखला. लेखी आदेश हातात नसताना तोंडी सूचनेवर रविवार काढणे किती जड जाते, हे या खात्यात काम केलेल्याला सांगावे लागणार नाही. २७ तारखेला मध्यरात्रीपर्यंत मी कार्यालयातच होतो, करण्यासारखे काही नव्हते तरी.

सोमवारी मी अर्धवट सहीची ती पोच रद्द करून फाइलला लावली. तिच्यावर उजव्या टोकाला सिंधी लिपीतली दोन अक्षरे आहेत.

आजींचा एलटीव्ही जूनच्या शेवटच्या आठवड्यात मंजूर झाला. मला विलंबाबद्दल खुलासा मागण्यात आला. बंदोबस्ताचे कारण खरे होते, पण ते लिहिले तर १५ ते २६ एप्रिल या बारा दिवसांचे काय, हा प्रश्न उरला असता. म्हणून मी विलंब माझ्याकडून झाला एवढेच लिहिले आणि मला सक्त ताकीद मिळाली. ती सेवापुस्तकात आहे. कराचीच्या बाईंच्या नोंदीत ‘मुदतीत प्रस्थान’ असे आहे. त्यांच्या आई मधूनमधून कार्यालयात येतात आणि व्हिसा पुन्हा केव्हा सुरू होणार हे विचारतात. मी त्यांना खुर्ची देतो आणि अद्याप काही आलेले नाही असे सांगतो.

आजींचे कागद घ्यायला नातू आला होता. मंजुरीपत्र इंग्रजीत होते. त्याने अडखळत वाचून त्याचा अर्थ आजीला सिंधीत सांगितला, आणि मग मला विचारले की माझे केव्हा येणार. नोंदणीने नागरिकत्व मिळावे यासाठीचा त्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात आहे. त्यावरचा पोलीस अहवाल आमच्याकडून तीन दिवसांत गेला, जावक क्रमांक मी स्वतः टाकला आणि तो एका चिठ्ठीवर लिहून त्याला दिला. त्याने चिठ्ठी दप्तरात, गणिताच्या वहीत ठेवली.