लिम्फोमा फक्त मानेतच होत नाही

आज परळच्या ओपीडीत दिवसभर हेच समजावत होतो. लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. तो जठरात, वृषणात, डोळ्यामागे, अगदी मेंदूतही होतो. जठरातला माल्ट प्रकार (आतल्या अस्तरातला, सावकाश वाढणारा लिम्फोमा) बहुतेकदा एच. पायलोरी जंतूमुळे, 14 दिवसांच्या अँटिबायोटिक्सनंतर तो काही महिन्यांत विरूही शकतो, केमोशिवाय!

मेंदूतल्या गाठीत मात्र सांभाळा. रुग्णाच्या जिवावर बेतलं नसेल तर बायोप्सीआधी स्टिरॉइड नकोच. गाठ तात्पुरती वितळते, बायोप्सीच्या तुकड्यात कॅन्सरच्या पेशी सापडत नाहीत आणि निदान लटकतं. फार हळहळ वाटते अशा वेळी.

लिम्फोमाच्या निदानाला सुईने ओढलेल्या चार पेशी पुरत नाहीत. तुकडाच हवा, त्याच्या दहापट फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) बुडवलेला. आणि गावाहून येताना नुसता रिपोर्ट नको, तो तुकडा ज्यात जपलेला असतो ते मेणाचे ब्लॉकही आणा. सीडी20 (पेशींवरचं, लिम्फोमाचा प्रकार ओळखायला मदत करणारं प्रथिन) त्यावरच तपासतात.