तिसरं नाव माझं

शनिवार, रात्र

दहा वाजले, मैदानावरचा गरबा एकदाचा थांबला. ही लवंडली आहे, झोपली आहे की नाही ते सांगता येत नाही. मी बाहेरच्या खोलीत. गेल्या रविवारचं डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला घेतलं.

चर्चला उपासनेत मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची प्रार्थना असते, तिच्यात आजाऱ्यांची नावं वाचतात. मान खाली, डोळे मिटलेले, अर्धं लक्ष प्रार्थनेत आणि अर्धं डोक्यावरच्या पंख्याच्या करकरीत. पहिलं नाव खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजींचं. दुसरं मुतखड्यावाल्या काकांचं. तिसरं माझं. आडनावासकट, खणखणीत, माइकवरून. मंडळी म्हणाली, प्रभो, आमची प्रार्थना ऐक. सवयीने माझ्याही तोंडून तेच गेलं. पुढे आणखी कुणाकुणाची नावं आली असतील, मला ऐकू आली नाहीत.

कोणी दिलं असेल?

नाव द्यायचं असेल तर दाराशी वही ठेवलेली असते, तिच्यात लिहायचं. उपासनेनंतर चप्पल शोधायच्या मिषाने ती उघडून पाहिली. माझं नाव नव्हतंच. म्हणजे कोणीतरी चिठ्ठी दिली, नाहीतर तोंडी सांगितलं. हिला विचारलं तर म्हणाली, 'प्रार्थनाच केली ना, शिव्या तर नाही ना दिल्या.' हे काही उत्तर झालं नाही. मोठ्या मावशीला फोन केला, तर तिने तो विषयच येऊ दिला नाही, धाकटीच्या लग्नाच्या हॉलवर घसरली. पाळकबाईंना मार्चमधलं माझं दुखणं थोडंफार ठाऊक आहे, पण त्या असं करणार नाहीत. करतील का? मुलगा आहे, पण त्याला रविवारी चर्चला उठवता उठवता नाकी नऊ येतात, तो कसली चिठ्ठी देतोय.

आणि चहाच्या वेळी एकाने विचारावं? एकानेही नाही. सगळे माझ्याकडे बघून मान तिरकी करून हसत होते, मयताला गेल्यावर हसतात तसं. इतकी वर्षं त्या टेबलाशी मी कप पुढे करत आलो, ताळेबंद मांडत आलो, ख्रिसमसचे कंदील लावायला शिडीवर चढत आलो. एवढं सगळं करून पदरात काय, तर तिसरा नंबर.

खुब्याचं दुखणं कसं, दिसतं. एक्स-रे दाखवता येतो. माझे ईसीजी, टूडी इको, थायरॉइड सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सारून विचारलं होतं, 'झोप कशी आहे?' आणि मला तिथेच भरून आलं. ते असो.

ठाण्यात वाढलेल्या माणसाला मनाच्या दुखण्याचा एक जास्तीचा जाच असतो. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे आणि तेव्हापासूनच बहुधा तो विनोदही आहे. नगरकडचे पाहुणे लग्नात हमखास विचारतात, 'ठाण्याला असता होय? आत का बाहेर?' आणि आपणच आधी हसायचं. आयुष्यभर हसलो. ज्ञानसाधना कॉलेजजवळून, म्हणजे त्या रुग्णालयाच्या बाजूने जाताना मित्रांबरोबर स्वतःही केलेत असले विनोद. गेल्या रविवारी माझं नाव माइकवरून आलं, तेव्हा पहिल्यांदा तेच वाक्य कानात वाजलं. आत का बाहेर.

मावशीचं रोज सकाळी साडेसहाला फोनवर बायबलचं वचन येतं, खाली गुलाबाचं फूल. सोमवारचं होतं, कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका. फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र, चौथा अध्याय. हे मुद्दाम पाठवलं की रांगेने आलं, कोण जाणे. वचनाबद्दल माझी तक्रार नाही. प्रेषित पौलाने ते तुरुंगातून लिहिलंय, बेड्यांत बसून, त्यामुळे ऐकून घ्यावं लागतं. पण लोक ते असं हातात ठेवतात की जणू काळजी वाटली म्हणजे विश्वासाला गळती लागली. त्याच पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं दुसरं पत्र काढा. अकरावा अध्याय. फटके खाल्ले, दगडमार झाला, तीनदा गलबत फुटलं, चोरांची भीती, उपाशी रात्री, थंडी, उघडेपण अशी लांबलचक यादी देतो आणि शेवटी म्हणतो, शिवाय रोजचं दडपण आहेच, सगळ्या मंडळ्यांची चिंता. म्हणजे त्यालाही होती. आणि तीही रोजची. हे वचन गुलाबाच्या फुलासकट कोणी पाठवल्याचं मला आठवत नाही.

बुधवारी गाडीत हेच घोळवत होतो. ठाण्याहून रबाळ्याला जाणारी ट्रान्सहार्बर लोकल. पूर्वी दहा नंबर प्लॅटफॉर्मवर जिन्याखाली गर्दी दाटली की माझी बोटं बधिर व्हायची, ओठांना मुंग्या यायच्या, वाटायचं आता गेलो. डॉक्टरांनी समजावलं की आपण घाबरून भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मुंग्या त्याच्या. आत घेतो त्यापेक्षा श्वास सोडायला जास्त वेळ लावा, एवढंच करा म्हणाले. त्यांनी आकडे मोजायला सांगितले होते. पण आयुष्य अकाउंट्समध्ये गेलंय, आकडे मोजायला लागलो की मला ऑफिस आठवतं. म्हणून आजीने लहानपणी पाठ करून घेतलेलं तेविसावं स्तोत्र घेतलं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ' म्हणताना श्वास आत. 'मला काही उणे पडणार नाही' म्हणताना बाहेर. दुसरा तुकडा लांब आहे, त्यामुळे श्वास आपसूक लांबतो. ऐरोली येईतो खांदे उतरलेले असतात. खिडकी मिळाली तर डावीकडे पारसिकचा डोंगर. दिघ्याच्या पुढे पावसात तो इतका हिरवा असतो की आपण कुठे निघालोय तेच विसरायला होतं, आणि ऑफिसला निघालेल्या माणसाला आणखी काय हवं.

बाकीच्या सवयी सांगण्यासारख्या नाहीत. सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या. चारनंतर चहा नाही (हे सगळ्यात अवघड). गोळी रात्री जेवल्यावर, आणि बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही. काळजी करायची ती संध्याकाळी, वहीत, वेळ ठरवून. स्तोत्रं जुन्या पद्धतीने महिन्यात संपवतो, दीडशे स्तोत्रं तीस दिवसांत वाटलेली, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. या वाटणीत १७ तारखेच्या सकाळी अठ्ठ्याऐंशीवं येतं. बाकीची रडकी स्तोत्रंसुद्धा शेवटी वळण घेतात, तरीपण मी तुझी स्तुती करीन वगैरे. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. मित्र दूर गेले, अंधार, आणि संपलं. ते लिहिणाऱ्याला कोणी म्हटलं नाही, की बाबा शेवट जरा गोड कर. ठेवलंय तसंच, शास्त्रात. महिन्यातल्या त्या एका सकाळी मला फार बरं वाटतं, का ते हिला समजावता आलेलं नाही. तिचा बायबलमधला एलीया संदेष्टा आवडता. एलीया झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला घातलं. विश्वास कुठे गेला म्हणून उलटतपासणी घेतली नाही. मी रात्री जेवणावर रुसलो की ही ताट ठेवते आणि म्हणते, 'ऊठ एलीया, खा.'

पण नाव कोणी दिलं?

गुरुवारी संध्याकाळी मुतखड्यावाल्या काकांचा फोन आला. काकांचा मला कधी फोन नसतो. म्हणाले, 'रविवारपासून रोज रात्री तुझं नाव घेतोय रे. माझ्या लगेच खाली तुझं नाव, म्हटलं हा आपल्याच सोबतीचा.' मला खरंच गलबलून आलं. काय बोलावं सुचेना. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, 'तुझा किती एमएमचा आहे?'

मला वाटतं, मार्चनंतर मी पहिल्यांदा एवढा हसलो. फोन हाताने झाकून हसलो. शुक्रवारी ऑफिसातून आलो तर ओट्यावर पानफुटीची पानं, कुळथाची पुडी, आणि चिठ्ठी, कढण रोज घेणे, पाणी भरपूर पिणे. कुळथाचं कढण केलंय हिने आज. चांगलं लागलं. त्यांना सांगायचं का, की खडा नाही? सांगेन. पण मग ते विचारतील, मग काय आहे. आणि त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं एका वाक्यात अजून जमलेलं नाही. एक मात्र आहे, त्यांनी काय झालंय ते माहीत नसताना चार रात्री माझं नाव घेतलं. अख्ख्या मंडळीने घेतलं. मी गेथशेमाने बागेचा, येशूला धरलं त्या रात्रीचा विचार करत होतो. येशूने पेत्र, याकोब, योहानाला बाजूला घेऊन स्वतःच सांगितलं की माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. म्हणजे त्याने आपलं नाव स्वतः दिलं. कोणा मावशीवर सोपवलं नाही. आणि तिघं काय करत होते, तर झोपले. आमचे काका निदान जागे होते, खड्याने का होईना.

तरी राग गेलेला नाही. विचारून द्यायचं होतं. एवढं तर माणूस विचारू शकतो.

आता खरी गंमत. आज दुपारी कागद आला, उद्याच्या उपासनेतल्या पाळ्यांचा. पहिलं वाचन कॉलेजच्या मुलीचं, दानार्पणाला नेहमीचे दोघे, मध्यस्थीची प्रार्थना माझी. महिनाभर आधी लागलेली पाळी आहे, कोणाचा काही डाव नाही. सोबत आजाऱ्यांची यादीही आली, टाइप केलेली. आजी, काका, मी. आजींच्या पुढे कंसात 'घरी आणले' लिहिलंय. माझ्यापुढे काही नाही.

फोन करून नाव काढायला सांगता येतं. वाचताना गाळताही येतं, डोळे सगळ्यांचे मिटलेलेच. पण काका ऐकत असणार. तिसरं नाव आलं नाही तर त्यांना वाटेल खडा पडला, आणि उपासनेनंतर अभिनंदनाला येतील.

मघाशी आत जाऊन हिला हळूच विचारलं, 'वाचताना माझं नाव घेऊ, का नुसतं मी म्हणू?'

झोपली नव्हतीच. म्हणाली, 'नाव घे. मी म्हटलास तर कोणाला कळायचं नाही कोण ते. आणि चष्मा आठवणीने ने.'