पनामातली चांदीची वाट: ‘खजिन्याच्या’ होडीत बसू नका

पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या पोर्तोबेलोच्या धक्क्यावर कुणी ‘ड्रेकचा (सोळाव्या शतकातल्या इंग्रज समुद्री लुटारूचा) पुरलेला खजिना दाखवतो’ म्हणालं, तर सरळ नाही म्हणा आणि पुढे चला. आमच्याकडून माणशी 25 डॉलर घेतले, खाडीपलीकडे सान फर्नांदो किल्ल्याखाली उतरवलं, एका झुडपाकडे बोट दाखवलं आणि परत आणायचे आणखी 20 मागितले. पलीकडे अडकलेला माणूस घासाघीस काय करणार? किल्ला बघायचाच असेल तर जाऊन-येऊन भाव आधी ठरवा आणि पैसे अलीकडे उतरल्यावरच हातावर ठेवा.

पैशांपेक्षा थापेचा राग जास्त आला. ड्रेकने चांदी पुरली हे खरं, पण ते 1573 साली, आणि पोर्तोबेलोला नव्हे, किनाऱ्याने आणखी पूर्वेला, नोंब्रे दे दियोसजवळ. पोर्तोबेलो गाव वसलं 1597 मध्ये! फ्रेंच दर्यावर्दी ल तेस्तू आणि सिमारोन, म्हणजे स्पॅनिशांच्या तावडीतून निसटून जंगलात राहिलेले आफ्रिकी गुलाम, यांना घेऊन ड्रेकने चांदी नेणारा स्पॅनिशांचा खेचरांचा तांडा लुटला. चांदी इतकी निघाली की उचलवेना, तेव्हा सुमारे 15 टन चांदी त्यांनी खेकड्यांच्या बिळांत आणि पडलेल्या झाडांखाली दडवली. स्पॅनिशांनी एक फ्रेंच माणूस पकडला, छळ करून जागा काढून घेतली आणि बहुतेक माल उकरून नेला. ल तेस्तूचं मुंडकं उडवलं. तिथे आता शोधायला काही उरलेलं नाही.

चांदीसाठीच आला असाल तर तिच्या वाटेवर चाला. पोतोसीच्या (आजच्या बोलिव्हियातल्या) खाणींतली चांदी आरिका बंदरातून लिमाजवळच्या कायाओ बंदराला, तिथून जहाजाने पनामाला आणि मग खेचरांवरून कॅरिबियन किनाऱ्याला जायची. वाटा दोन होत्या. कामिनो रेआल थेट जंगलातून जायची. कामिनो दे क्रूसेस नदीकाठच्या वेंता दे क्रूसेस या मुक्कामापर्यंत जायची आणि पुढे चाग्रेस नदीतून होड्या. जड माल नदीने जाई, चांदी शक्यतो जमिनीवरूनच, कारण चाग्रेसच्या मुखापासून पोर्तोबेलोपर्यंतचा समुद्र चाच्यांना उघडा होता.

आम्ही कामिनो दे क्रूसेस केली. पनामा शहराजवळच्या गाम्बोआच्या रस्त्यावरून वाट आत शिरते. शहरातल्या एजंटाने ‘सोपी वाट, सावलीतून फिरणं’ असं सांगितलं होतं. ऑक्टोबरमध्ये ती सोपी नाही. सुरुवातीला जुनी फरसबंदी लागते तेव्हा जीव हरखतो. मग कळतं की या गोल दगडांवर चारशे वर्षांचं शेवाळ आहे. त्यानंतर तांबडी चिकणमाती. पाय पोटरीपर्यंत रुततो, काढताना बूट आतच राहायला बघतो, आणि चढावर एक पाऊल पुढे गेलं की अर्धं मागे येतं. एका ठिकाणी मातीची भिंत वाटावी इतकी खोल घळ आहे, खेचरांच्या पायांनी आणि पावसाने कापलेली, जेमतेम एका लादलेल्या जनावराच्या रुंदीची. तिथे तोल गेला की हात आपोआप बाजूच्या झाडाकडे जातो. तो जाऊ देऊ नका. काळ्या ताडाच्या खोडावर बोटभर लांबीचे काटे असतात आणि ते तळव्यात मोडून बसतात. आमच्यातल्या एकाच्या हातातून रात्री विजेरी धरून चिमट्याने काटे काढावे लागले. जाड हातमोजे घ्या. सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणाऱ्यांनाही हे सांगतोय.

गोचीड असतात, पँट मोज्यात खोचा. साप असतात, ओंडका ओलांडताना पलीकडे आधी बघा. दुपारी पाऊस ठरलेला, म्हणून उजाडताच निघा. जानेवारी ते मार्च हाच खरा काळ. ऑक्टोबरात जाऊच नका, हे माझं स्पष्ट मत, आणि अजून पाय ठणकत असले तरी ते बदलणार नाही.

पनामा व्हिएखोचा, म्हणजे जुन्या पनामा शहराच्या अवशेषांतला, मनोरा आणि कास्को व्हिएखो या जुन्या वस्तीतल्या चर्चची सोनेरी वेदी सगळेच बघतात, तुम्हीही बघालच.

पण पोर्तोबेलोचं जकातघर सोडू नका. थॉमस गेज हा इंग्रज पाद्री 1637 मध्ये इथल्या व्यापारी जत्रेला आला, तेव्हा एका दिवसात चांदी लादलेली 200 खेचरं बाजारात रिकामी झालेली त्याने मोजली. चांदीच्या लगडी धोंड्यांच्या राशींसारख्या उघड्यावर पडल्या होत्या. याच चांदीतली काही युरोपच्या व्यापारातून सुरतेला पोचली आणि मुघल टांकसाळीत वितळून तिचे रुपये झाले. त्या इमारतीसमोर उभं राहून हे आठवलं आणि अंगावर काटा आला. 1668 मध्ये हेन्री मॉर्गन या चाच्याने हे गाव लुटलं आणि मोठी खंडणी घेऊनच सोडलं. शेजारच्या सान हेरोनिमो किल्ल्याच्या भिंती जवळून बघा, प्रवाळाच्या दगडातली नक्षी बोटाला लागते. गंजलेल्या तोफा अजून खाडीकडे तोंड करून आहेत. होडीचे पैसे वाचवून इथे निवांत अर्धा दिवस बसा.

जायचं कसं: पनामा शहरातल्या अल्ब्रूक स्थानकावरून कोलोनची बस, पण कोलोनपर्यंत जाऊ नका. साबानितासला उतरा आणि तिथून पोर्तोबेलोची बस पकडा. ‘बस बंद झाली’ असं टॅक्सीवाला म्हणेल, ते ऐकून न घेता थांब्यावरच्या बायकांना विचारा. डॉलर चालतात, पण 50 आणि 100 च्या नोटा सहसा कुणी घेत नाही. सुटे शहरातूनच न्या.