एअर फ्रायर, दोन महिने आणि कागदाचे कापलेले तुकडे

आमचा आधीचा एअर फ्रायर तसा अजून चालतो, म्हणजे प्लग लावला की पंखा फिरतो, कॉइल लाल होते, टायमर वाजतो, सगळं जागच्या जागी. फक्त त्याच्या बास्केटचं काळं कोटिंग चौदा महिन्यांत सुटायला लागलं आणि एक दिवस बटाट्याच्या फोडीला त्याचा कपचा चिकटलेला दिसला, त्या दिवसापासून मी तो बंद करून ठेवला. कंपनीला फोन केला, म्हटलं मला नुसती बास्केट द्या, पैसे घ्या. तर म्हणे त्या मॉडेलची सुटी बास्केट मिळत नाही, मॉडेलच बंद झालंय. मला खरंच खूप वाईट वाटलं, एवढं धडधाकट मशीन, आणि एका पत्र्याच्या भांड्यापायी ते कचऱ्यात जाणार.

म्हणून या वेळी ठरवलं की घाई करायची नाही. दोन महिने घेतले, वही घातली, फिलिप्स, निंजा, कोसोरी, इन्स्टंट, टेफाल, शाओमी सगळ्यांची माहितीपत्रकं, मॅन्युअल्स, लोकांचे रिव्ह्यू वाचले (रिव्ह्यू वाचताना एक करा, पाच स्टारवाले सोडून द्या आणि वर्षभर वापरल्यानंतर लिहिलेले शोधा, पहिल्या आठवड्यात सगळेच खूश असतात). ज्यांना आत्ता घ्यायचाय त्यांच्यासाठी लिहितेय, कारण मला जे कळलं ते कुठे एका जागी वाचायला मिळालं नव्हतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट. प्रत्येक ब्रँडने आपापल्या हवेला एक भारी नाव दिलंय, पण आतलं काम सगळीकडे एकच आहे. वर गोल कॉइल, तिच्यावर पंखा, गरम हवा जोरात खाली येते, बास्केटच्या जाळीतून फिरून परत वर जाते. छोटासा कन्व्हेक्शन ओव्हनच तो, फक्त जागा कमी आणि हवेचा वेग जास्त, म्हणून पदार्थाच्या पृष्ठभागावरचं पाणी पटकन उडतं आणि बाहेरून कुरकुरीत होतो. आजच्या या रूपाआधी २००६ मध्ये टेफालचं ॲक्टिफ्राय आलं होतं, त्यात आत एक पातं फिरत राहायचं आणि चमचाभर तेलात बटाटे हलवत राहायचं. आपण आज ज्याला एअर फ्रायर म्हणतो ते ड्रॉवरवालं रूप फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या इफा या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात आणलं, त्यामागे फ्रेड व्हान डर वाय या डच माणसाचं डोकं होतं. तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे, त्यामुळे कुणाची हवा जास्त चांगली यावर मी वेळ घालवला नाही आणि तुम्हीही घालवू नका. विजेचंही तसंच, १५०० वॅटचा कुठलाही फ्रायर २० मिनिटं चालला की साधारण अर्धा युनिट जातो, मग त्यावर नाव कुणाचंही असो.

मग फरक कुठे पडतो? बास्केटमध्ये. मला आता अगदी ठामपणे वाटतं की एअर फ्रायर घेणं म्हणजे बास्केट घेणं, बाकीचं मशीन तिच्याभोवतीचा डबा आहे.

खोक्यावर लिटर लिहिलेले असतात, ४.१ लिटर, ५.५ लिटर वगैरे. पण आपण काय त्यात पाणी भरणार आहोत का, आपण पदार्थ पसरून ठेवणार, आणि एकावर एक रचला तर मधला भाग वाफेत शिजतो, कुरकुरीत होत नाही. म्हणून बघायचा तो तळ. मी वर्तमानपत्राचे कागद कापले, एक २० सेंटिमीटर व्यासाचा गोल आणि एक २२ सेंटिमीटरचा चौकोन, आणि ओट्यावर ठेवून त्यांच्यावर खरंच बटाट्याच्या फोडी मांडल्या. गोलाचं क्षेत्रफळ भरतं साधारण ३१४ चौरस सेंटिमीटर, चौकोनाचं ४८४. म्हणजे दीडपटीहून जास्त, आणि नुसतं बघताना दोन्ही जवळपास सारखेच वाटतात! आमच्या चौघांच्या फोडी गोलावर दोन वेळा लावाव्या लागल्या असत्या, चौकोनावर एकदाच बसल्या. लिटरमध्ये मोठा पण उंच आणि अरुंद असा फ्रायर असतो, त्यापेक्षा कमी लिटरचा पण पसरट तळाचा घ्या. आणि तळ मोजताना आतल्या जाळीचा मोजा हं, बाहेरचं माप वेबसाइटवर असतं त्याचा काही उपयोग नाही.

निंजाच्या दोन ड्रॉवरवाल्या मॉडेलवर माझं मन बरेच दिवस अडकलं होतं. एकीकडे मासे आणि एकीकडे भाज्या, वेगवेगळं तापमान, वेगवेगळा वेळ, आणि सिंक नावाची सोय अशी की दोन्ही एकाच वेळी तयार होतात, मशीन स्वतःच कमी वेळाचा ड्रॉवर उशिरा सुरू करतं. ज्यांच्याकडे दोन जणांचं खाणं वेगळं असतं, कुणी शाकाहारी कुणी मांसाहारी, त्यांना हे फार उपयोगी आहे, यात शंकाच नाही. पण त्याचं ७.६ लिटर म्हणजे ३.८ अधिक ३.८, त्यामुळे मोठी अख्खी कोंबडी किंवा मांसाचा मोठा तुकडा एका ड्रॉवरमध्ये बसत नाही. शिवाय ते रुंद आहे, जड आहे, ओट्यावरून उचलून कपाटात ठेवू म्हटलं तर रोज कोण उचलणार, आणि २४०० वॅट खेचतं, म्हणजे आधी आपलं सॉकेट तेवढं घेतं का ते बघायला हवं. त्यांच्या काही मॉडेलमध्ये २४० अंशांपर्यंत जाणारा मॅक्स क्रिस्प मोड आहे, फ्रोझन पदार्थांना तो छान म्हणतात. आम्ही फ्रोझन फारसं खात नाही, त्यामुळे माझ्यासाठी त्याला किंमत नव्हती.

आता कोटिंग. इथे मी सगळ्यात जास्त वाचलं कारण एकदा दुधाने तोंड पोळलं होतं. बहुतेक बास्केटना दोनपैकी एक कोटिंग असतं. एक पीटीएफई, म्हणजे ज्याला आपण सगळे टेफ्लॉन म्हणतो, १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना ड्युपाँटमध्ये अचानक सापडलेलं. ते साधारण २६० अंशांच्या पुढे बिघडायला लागतं, आणि बहुतेक एअर फ्रायर २०० च्या आसपास थांबतात, त्यामुळे नीट वापरलं तर तापमानाची भीती कमी. पण घरात पोपट किंवा दुसरा पक्षी असेल तर मात्र मनापासून सांगते, स्वयंपाकघरातून पिंजरा हलवा, जास्त तापलेल्या पीटीएफईचा धूर पक्ष्यांना जीवघेणा असतो, माणसाला जाणवणार नाही इतका थोडा धूरही. दुसरं सिरॅमिक, नावाने माती वाटते पण ते सिलिकाचा पातळ थर असतो. त्यात पीटीएफई नसतं ही जमेची बाजू, पण त्याचा निसरडेपणा तुलनेने लवकर जातो, मग पदार्थ चिकटायला लागतो, मग आपण जोरात घासतो आणि घासलं की आणखी चिकटतो. हल्ली काचेचं भांडंही आलंय, निंजाचं क्रिस्पी २०२४ मध्ये आलं त्यात बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सहन करणारी काच आहे, भांड्याचं कोटिंग सुटायचा प्रश्नच नाही, पण काच जपावी लागते.

आणि डिशवॉशर सेफ लिहिलंय म्हणून रोज डिशवॉशरमध्ये टाकू नका! ते सेफ म्हणजे चालतं एवढंच, टिकतं असं नाही. आमच्या आधीच्या बास्केटचं मी हेच केलं होतं, रोज रात्री आत. शिवाय पदार्थ काढताना स्टीलचा चिमटा वापरत होते. तो कपचा निघाला त्यात माझ्या वापराचाही हात होता हे मला आता मान्य आहे, पण सुटी बास्केट मिळाली असती तर एवढं सगळं झालंच नसतं, हे पण तितकंच खरं.

कोसोरीबद्दल बरेच जण विचारतात कारण त्यांचा २०२३ चा रिकॉल ऐकलेला असतो. झालं होतं असं की आतल्या वायरचा एक जोड तापत होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत साधारण २० लाख फ्रायर परत बोलावले गेले, आग, जळणं, धूर वगैरेच्या २०५ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. जून २०१८ ते डिसेंबर २०२२ मध्ये विकलेली ठरावीक मॉडेल्स होती ती. बदल्यात फुकट नवीन फ्रायर किंवा दुसरी वस्तू दिली, पावतीही मागितली नाही. मला यावरून दोन गोष्टी वाटल्या. एक, जुना वापरलेला फ्रायर कुणाकडून घेत असाल तर खालचा मॉडेल नंबर रिकॉलच्या यादीत तपासल्याशिवाय प्लग लावू नका. दुसरं, रिकॉल झाला म्हणून तो ब्रँड कायमचा बाद असं मी करणार नाही, चूक कबूल करून बदलून देणारी कंपनी मला फोनवर हात वर करणाऱ्यापेक्षा बरी वाटते. त्यांच्या नवीन टर्बोब्लेझमध्ये चौकोनी बास्केट आहे, सिरॅमिक कोटिंग आहे आणि पंख्याचे पाच वेग आहेत, ते पाच वेग कामाचे आहेत कारण हलका पदार्थ पूर्ण वेगात उडून वर कॉइलला चिकटतो. माझ्या यादीत हे शेवटपर्यंत दुसऱ्या नंबरवर होतं.

इन्स्टंट व्होर्टेक्सच्या क्लिअरकुकला खिडकी आणि आत दिवा आहे. हे ऐकायला छोटं वाटतं पण सारखा ड्रॉवर उघडून बघायची सवय असेल (मला आहे) तर दर वेळी गरम हवा बाहेर जाते, ते वाचतं. फक्त इन्स्टंट ब्रँड्सने जून २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला होता, पुढे विक्री चालू राहिली, पण पाच वर्षांनी सुटे भाग मिळतील का हा माझा मुख्य प्रश्न असल्यामुळे मी मागे सरले. तसं बघायला गेलं तर फिलिप्सचंही नाव फिलिप्स असलं तरी घरगुती उपकरणांचा धंदा २०२१ मध्ये विकला गेलाय, आता त्या कंपनीचं नाव व्हर्सुनी, नाव परवान्यावर वापरतात. म्हणून नुसत्या नावाकडे न बघता मी प्रत्येक ब्रँडच्या सुट्या भागांच्या पानावर जाऊन बास्केट आणि जाळी खरंच विकायला आहे का ते बघितलं, आणि फक्त नवीन मॉडेलची नाही, चार-पाच वर्षं जुन्या मॉडेलची आहे का तेही. हे पाच मिनिटांचं काम आहे, हे प्रत्येकाने करावंच. काही ठिकाणी ते पानच नसतं, मग तिथे काय समजायचं ते समजा.

जाहिरातीतलं "९० टक्के कमी फॅट" पण नीट वाचा, त्याला बारीक अक्षरांत टीप असते, ती तुलना तेलात बुडवून तळलेल्या बटाट्यांशी आहे. तुम्ही आधी भाजूनच खात असाल तर तुमचं तेल ९० टक्के कमी होणार नाहीये. आणि बटाटे फार तपकिरी करू नका, पिष्टमय पदार्थ जास्त तापमानात तपकिरी होताना त्यात ॲक्रिलामाइड तयार होतं, हे २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. कापून अर्धा तास पाण्यात ठेवा, नीट कोरडे करा आणि सोनेरी झाले की काढा.

ॲपवाले फ्रायर मी यादीतून लवकर काढले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या विच? या ग्राहक संस्थेने तपासलेल्या तीन स्मार्ट एअर फ्रायरच्या ॲप्सनी फोनवर आवाज रेकॉर्ड करायची परवानगी मागितल्याचं सांगितलं होतं, त्यात शाओमी आणि कोसोरीची होती. शाओमीचं म्हणणं होतं की ती परवानगी फ्रायरसाठी नाहीच. असेलही, पण बटाटे भाजायला मला फोन लागत नाही.

शेवटी निर्णय झाला तो मात्र वहीतल्या कुठल्याच रकान्यामुळे नाही. दुपारी घरी एकटी आई असते, ती ७४ वर्षांची आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. एका नातेवाइकांकडे टच पॅनेलचा फ्रायर होता, तिला म्हटलं जरा चालवून बघ. काळ्या गुळगुळीत काचेवर ती बोट फिरवत राहिली, कोंबडीचं चित्र कुठलं माशाचं कुठलं तिला दिसेना, ओल्या बोटाने दाबलं तर ते घेईना, आणि मग ती हळूच म्हणाली, "असू दे गं, तू आलीस की करू." ते मला फार लागलं. तिच्यासाठी म्हणूनच तर घेत होते.

म्हणून फिलिप्सचा साधा, फिरवायच्या बटणांचा घेतला. एक बटण तापमानाचं, एक वेळेचं, वेळ संपली की टिंग वाजतं. अकरा प्रीसेट नाहीत, खिडकी नाही. १८० च्या खुणेवर मी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, आई बोटाने चाचपून तिथपर्यंत फिरवते आणि स्वतःचं स्वतः करते. काल मी घरी आले तर तिने माझ्यासाठी गाजर आणि रताळ्याच्या फोडी भाजून ठेवल्या होत्या.

बास्केट मी हाताने, मऊ स्पंजने धुते, आत लाकडी चिमटाच जातो. आणि फ्रायरबरोबरच एक सुटी बास्केट मागवून ठेवलीय, कपाटावर खोक्यात आहे, अजून उघडलेली नाही.